कागदोपत्री आबा हयात आहेत

बंगला पाडायचा निर्णय घरातली माणसं घेत नाहीत, स्लॅब घेतो. तो आधी जिन्यापाशी गळतो, मग माळ्यावर, मग पाहुण्यांच्या खोलीत. इथवर कोणाची हरकत नसते. दर मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाला येऊन दहा वर्षांची गॅरंटी देऊन जातो आणि दर जुलैत गॅरंटी शाबूत असते, वॉटरप्रूफिंगवाला फोन उचलत नसतो. अखेर एका आषाढात देवघरातल्या बाळकृष्णावर परस्पर अभिषेक सुरू होतो आणि ज्या घरात आमटी गोड असावी की आंबट यावर साठ वर्षांत एकमत झालेलं नाही, तिथे एकमुखाने ठराव होतो : पाडू या.

पुण्यात कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतला, आमच्या शेजारचा बंगला असाच पडायला आला. पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट, १९५८ सालचं बांधकाम, दाराशी आंबा आणि फाटकावर 'श्रमसाफल्य'. बांधला आबांनी, स्वतःच्या पगारातून. आबा १९८१ साली गेले. मृत्युपत्र केलं नाही, कारण असल्या कागदावर सही केली की माणूस लवकर जातो, अशी त्यांची समजूत होती. पुढे आजीही गेल्या. मागे उरले थोरले काका, धाकट्या काकांच्या पश्चात धाकटी काकू, तिचा न्यू जर्सीतला मुलगा आणि लग्न होऊन सांगलीला गेलेली आत्या. शेजारी म्हणून मी त्यांच्या बैठकांना जात असे. प्रत्येक बाजूला वाटे की मी त्यांच्या बाजूचा आहे आणि चहा मात्र सगळ्यांच्या हातचा मिळे.

थोरल्या काकांची योजना कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तयार होती. "बिल्डरला अर्धं घर कशाला द्यायचं? आपणच तीन रो-हाउस बांधायची. एक माझं, एक धाकट्याच्या घरचं. तिसरं विकायचं. त्या पैशात तिन्ही बांधून होतात. म्हणजे घर फुकट!" काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज नाकारले, त्यामुळे स्वतःच्या योजनेत त्यांना त्रुटी दिसत नव्हती.

पहिली त्रुटी आर्किटेक्टने दाखवली. काकांनी त्याला अर्ध्या चड्डीत आंबे पाडताना पकडलेलं होतं, त्यामुळे त्याच्या पदवीबद्दल त्यांच्या मनात किंतु होता. त्याने आल्याआल्या बंगल्याकडे पाहिलंच नाही. फाटकाबाहेर जाऊन गल्लीला टेप लावला.

"काका, रस्ता सहा मीटरचा आहे."

"मग? आम्हाला घर बांधायचंय, विमान उतरवायचं नाहीये."

इथे काकांना 'यूडीसीपीआर'ची ओळख झाली. राज्यभराच्या बांधकामासाठी, मुंबईसारखे काही अपवाद सोडून, डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली ही एकत्रित नियमावली. तिचा सारांश असा, की तुमच्या घराची उंची तुमच्या ऐपतीवर ठरत नाही, दारासमोरच्या रस्त्यावर ठरते. महापालिका हद्दीत, दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर, मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१०. रस्ता नऊ मीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर पैसे भरून ०.५० आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, आणून ०.४० आणखी मिळतो, म्हणजे एकूण दोन. रस्ता नऊच्या आत असेल, तर १.१० वर समाधान.

"अरे, माझ्या मुंजीत या गल्लीतून दोन ट्रक समोरासमोर गेलेत," काका म्हणाले.

"ट्रक गेले असतील काका, टीडीआर जाणार नाही."

पुण्यात या तीन मीटरांचा इतिहास आहे. २०२० साली महापालिकेत सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि शहरभर वाद पेटला. आमच्या गल्लीतही तेव्हा रुंदीकरणाविरुद्ध सह्यांची मोहीम झाली होती. 'गल्लीचं गल्लीपण टिकलं पाहिजे' हे घणाघाती वाक्य थोरल्या काकांचं. आता त्यांनी हळूच विचारलं, "त्या यादीत आपली गल्ली आली असती का रे?" माणसाची नागरी मतं त्याच्या प्लॉटच्या समोरच्या बाजूला लागून असतात.

तरी हिशेब वाईट नव्हता. पाच हजारांवर १.१० म्हणजे साडेपाच हजार. त्यावर जिना, बाल्कनी, पॅसेज अशा गोष्टींसाठी अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय, म्हणजे आणखी ३,३००. एकूण ८,८००, दर घराला २,९००च्या वर. पूर्वी जिने आणि बाल्कन्या मोजणीतून वगळून घेण्याच्या नाना खुब्या होत्या. आता बाहेरच्या रेषेच्या आत जे येईल ते सगळं मोजायचं. "म्हणजे माझ्याच घरात माझ्याच जिन्याने चढायचे पैसे महापालिकेला?" काकांनी विचारलं. आर्किटेक्ट म्हणाला, "उतरायचे नाहीत." एवढ्या एका उत्तरावर काकांचा त्याच्यावर विश्वास बसला.

मग मोजणी झाली. बंगला जितकी वर्षं उभा असतो, तितकी वर्षं त्याची कुंपणं हळूहळू चालत असतात. कोणी तुळशीवृंदावनासाठी वीतभर घेतो, कोणी भिंत पडली की पुन्हा बांधताना दोन विटा अलीकडे सरकतो. मालकीच्या कागदावर ५,००० फूट होते, प्रत्यक्षात ४,८४० भरले. आणि नियम असा, की कागद, मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांतला सर्वात लहान आकडा धरायचा. गेलेल्या १६० फुटांचा गुणाकार होऊन दर घरामागे चौऱ्याण्णव फूट कमी झाले. एका पिढीच्या शेजारधर्मात एक बाथरूम गेलं. ते कोणत्या बाजूला गेलं, याची चर्चा मी आल्यावर थांबायची.

रांगेचेही नियम आहेत. रो-हाउसच्या एका सलग गटात तीनपेक्षा कमी घरं चालत नाहीत आणि बारापेक्षा जास्त चालत नाहीत. आपल्याला नेमकी तीन घालायची आहेत हे ऐकून काकांना दैवी संकेत मिळाल्यासारखं वाटलं. पण रांगेत कडेच्या घरांना तीन बाजूंनी उजेड मिळतो, मधल्याला पुढून आणि मागून. नकाशा टेबलावर येईपर्यंत या घरात "तुम्ही आधी निवडा, तुम्ही आधी निवडा" असं चाललं होतं. नकाशा उलगडला आणि काकूंना गुडघ्यांमुळे पूर्वेचंच घर हवं झालं. काकांना रक्तदाबामुळे पश्चिमेचं. मधलं 'विकायचं ते' असं ठरलं. वास्तुतज्ज्ञ आला, त्यानेही तेच सांगितलं. त्याची फी काकांनी दिली होती.

बांधकाम प्रकल्पांच्या रेरा कायद्याचं नाव निघालं तेव्हा सगळे दचकले. पण भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. हा प्लॉट साडेचारशेच्या आसपास. काका खुश झाले. "म्हणजे आपल्याला कायदा लागूच नाही!"

त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "रेराची नोंदणी लागू नाही. बाकीचे सगळे कायदे आहेत. मालमत्ता पत्रक दाखवता का?"

काकांनी सिटी सर्व्हेचं पत्रक पुढे केलं. त्यावर आबांचं नाव होतं. फक्त आबांचं. माणूस वैकुंठात जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली, पण सरकारदरबारी आबा अजून आंब्याच्या सावलीत आरामखुर्ची टाकून बसलेले होते. घरपट्टी त्यांच्या नावाने येत होती आणि ते ती नियमित भरत होते. वारसनोंद करायची कोणाला सुचली नव्हती, कारण ती करायची म्हणजे वारस कोण कोण हे लिहायचं, आणि लिहायचं म्हणजे बोलायचं.

"वारस कोण?" बाईंनी विचारलं.

"मी आणि धाकटा. म्हणजे आता त्याची बायको आणि मुलगा."

"बहीण?"

"ती सांगलीला असते," काका म्हणाले. सांगली जणू भारतीय वारसा कायद्याच्या हद्दीबाहेर होती.

पुढचा अर्धा तास फार शैक्षणिक होता. काकांनी कुठेतरी वाचलं होतं, की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. आबा तर १९८१ सालीच गेले, म्हणजे प्रश्न मिटला. बाईंनी तो पुन्हा उघडला. २००५ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काची. महाराष्ट्राने ते पाऊल १९९४ सालीच उचललं होतं. पण हा प्लॉट आबांच्या स्वकमाईचा. अशी मिळकत असलेला हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, हे १९५६ सालापासून कायद्यात आहे. आजींचा वाटाही पुढे तिघांतच आला. म्हणजे आत्याचा तिसरा हिस्सा.

बंगला बांधला गेला १९५८ साली. पाया खणायच्या आधीपासून कायदा तयार होता, फक्त तो या घरात कोणी वाचला नव्हता.

"पण तिने लिहून दिलंय!" काकांनी कपाटातून जपून ठेवलेला कागद आणला. भाऊबीजेच्या दिवशीचा साधा कागद, खाली आत्याची सही : 'मला माहेरच्या इस्टेटीतलं काही नको.' वकीलबाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. हक्कसोड पत्र नोंदणीकृत लागतं. १९०८ सालचा नोंदणी कायदा त्यासाठीच आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत निबंधकाकडे नेलं नाही, तर त्याचा उपयोग कुटुंबाच्या आठवणींत. "फार गोड अक्षर आहे त्यांचं," एवढं मात्र बाई म्हणाल्या.

आत्याला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. काका म्हणाले, "अगं, तूच म्हणाली होतीस ना, काही नको?"

"म्हणाले होते. तेव्हा तुम्ही चिवडा पुढे केला होता, दादा."

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावरचं तिसरं घर त्या क्षणी विक्रीतून बाहेर पडलं. ते आता आत्याचं होतं. आणि त्याच्याबरोबर 'घर फुकट' ही योजनाही गेली, कारण बांधायचे पैसे त्याच घरातून येणार होते. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या काकांना आता बँकेने सांगितलं, की जमीन अविभक्त आहे, कर्ज एकाला हवं असेल तरी गहाणखतावर सगळ्या सहमालकांची संमती लागेल. हे वाक्य त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं, याचा हिशेब ते त्या संध्याकाळी करत असावेत.

इकडे न्यू जर्सीचा पुतण्या रात्री दोनला व्हिडिओ कॉलवर भावनाविवश होत होता. त्याला जुन्या फरशा, ओसरीवरचा झोपाळा आणि कोनाडे जसेच्या तसे हवे होते, फक्त प्रत्येक खोलीला जोडून बाथरूमही. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीपुढे होऊन, अपोस्टिल लागून, कुरियरने आलं. आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक लावून घ्यायचा असतो. काकूंनी ते पाकीट देवासमोर ठेवलं, कारण महत्त्वाचं टपाल त्या तिथेच ठेवतात. वकीलबाईंनी चौकशी केली तेव्हा अडीच महिने झाले होते. अंगाऱ्याच्या पुडीखालून ते बाहेर आलं.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' असं सुरू होणारा तो बारीक टायपातला मजकूर कोणी वाचत नाही, असा तुमचा समज असेल तर तो चुकीचा आहे. पुण्यात निवृत्त माणसं अग्रलेखाआधी तो वाचतात. एक लांबचे भाचे उगवले. १९७२च्या दुष्काळात आबांनी भाच्यांच्या वडिलांकडून चारशे रुपये घेतल्याचा त्यांचा दावा होता. कागद काहीच नव्हता, आठवण मात्र व्याजासकट होती. तो दावा अखेर अळूच्या भाजीवर मिटला.

आउटहाउसमध्ये एक भाडेकरू होते. भाडं इतकं जुनं, की ते पोचवायचा रिक्षाखर्च त्याहून जास्त. पण भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते त्यांना काकांपेक्षा चांगलं पाठ होतं. त्यांच्याशी रीतसर करार झाला. या साऱ्या प्रकरणात एकाच बैठकीत मिटलेला विषय हा एकच, कारण यात नातं नव्हतं.

सर्वांत जास्त रंगला तो आंबा. शहरी भागातलं झाड तोडायला १९७५च्या कायद्याखाली परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. साहजिकच प्रश्न आला : आंब्याचं वय किती?

"हिच्या जन्माच्या वेळी लावलाय आबांनी," काका उत्साहाने म्हणाले. खोलीत शांतता पसरली. आत्याचं वय नातेवाइकांत बरीच वर्षं पासष्ट आहे. अधिकाऱ्याने खोडाचा घेर पाहून सत्तरीच्या पुढचा अंदाज दिला. आत्याने एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "झाडं लवकर वाढतात." त्यानंतर आंबा तोडायचा विषय कोणी काढला नाही. आर्किटेक्टने पुढचं सामासिक अंतर थोडं वाढवलं, रांग मागे सरकवली आणि आंबा मधल्या घराच्या दारासमोर राहिला.

मधलं घर आत्याने स्वतःहून घेतलं. "दोन्ही बाजूंना भाऊबंद आहेत, मला बाजूच्या खिडक्या काय करायच्यात?" ती म्हणाली. "शिवाय दोन्हीकडचं ऐकू येईल."

परवानग्या मिळाल्या आणि पोकलेन आलं. आबांनी दोन वर्षं खपून बांधलेलं घर आठवड्यात भुईसपाट झालं, त्याआधीच्या कागदांना मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागला होता. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं, दरवर्षी वाढवत कमाल चार वर्षांपर्यंत. नंतर पुन्हा नव्याने अर्ज. जोत्याची तपासणी करून मगच वरचं काम. काकांनी मुहूर्त पाहून वास्तुशांत ठरवली. गुरुजींची तारीख मिळाली, पण वकीलबाईंनी राहायला जाऊ दिलं नाही. अग्नीला आहुती पोचली तरी भोगवटा पत्र आल्याशिवाय महापालिकेच्या लेखी ते घर नव्हतंच.

शेवटचा कागद वकीलबाईंनी हट्टाने करून घेतला. सामाईक भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर कोणाला विचारायचं, पाण्याची टाकी कोणी धुवायची, कोणाला उद्या वर खोली चढवायची झाली तर शिल्लक एफएसआय कोणाचा, एकाने विकायचं ठरवलं तर आधी कोणाला विचारायचं आणि आंबे कोणाचे. काका म्हणत होते, "एवढं लिहायचं कशाला? आपल्याआपल्यात बोलून ठरलंय." बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, माझी वकिली या एका वाक्यावर चालते." आंब्यांचं कलम सगळ्यात लांब झालं, तेव्हा काकांना त्यांचं म्हणणं पटलं.

इतकं सगळं जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की नियमावली फारशी अवघड नाही. रस्ता मोजला की कळतो, एफएसआयला कॅल्क्युलेटर पुरतो आणि झाडाचं वय खोडावर असतं. अवघड असतं ते या घरांमध्ये चाळीस वर्षं न बोललेलं. पुनर्विकासाच्या फायलीला लागणारा बराचसा वेळ महापालिकेच्या टेबलावर जात नाही, आपल्याच जेवणाच्या टेबलावर जातो. बिल्डरला अर्धं घर द्यायला लोक तयार होतात, त्याचं एक कारण हेही असावं, की बहिणीला फोन तो करतो.

तेव्हा तुमचा बंगला असो, वाडा असो की गावाकडचं घर असो, तो गळायची वाट पाहू नका. डिजिटल स्वाक्षरीचं मालमत्ता पत्रक आता महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतं, शुल्कही किरकोळ असतं. आजच काढा आणि नाव वाचा. ज्याच्या फोटोला तुम्ही दर दसऱ्याला हार घालता त्याचंच नाव तिथे असेल, तर आर्किटेक्टला बोलावायच्या आधी वारसनोंदीचा अर्ज करा, आणि त्याच्याही आधी बहिणीला फोन करा. चिवडा पुढे न करता.